उतारावरच्या लहान शेतीसाठी रोगप्रतिकारक भाज्यांचे वाण कसे निवडावेत?

प्रश्न — पाचपायरी

नमस्कार. माझी शेती डोंगराच्या उतारावर आहे. क्षेत्र एक एकराच्या आत असले तरी ते सलग नाही. दोन पायऱ्या माथ्याजवळ आहेत, एक मधल्या टप्प्यावर आहे आणि दोन अगदी खाली ओढ्याच्या वर आहेत. माथ्याची जमीन आणि ओढ्याकाठची जमीन यांच्या उंचीत सुमारे दोनशे मीटरांचा फरक पडतो. टोमॅटो, कोबी आणि वाटाणा ही माझी मुख्य पिके आहेत.

मागील हंगामात मी पाकिटावर ठळक अक्षरांत ‘रोगप्रतिकारक’ असे छापलेले टोमॅटोचे बियाणे घेतले आणि पाचही पायऱ्यांवर तोच एक वाण लावला. माथ्यावरच्या पायऱ्यांत, धुके सलग आठवडाभर राहिल्यानंतर, पाने काळी पडून चार-पाच दिवसांत झाडे भाजल्यासारखी झाली. खालच्या पायऱ्यांत पाने हिरवी असतानाच झाडे दुपारी माना टाकू लागली, संध्याकाळी थोडी सावरली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कायमची कोलमडली. मधल्या पायरीवर मात्र पीक चांगले आले. कोबीच्या पानांच्या कडांवरून आत येणारे पिवळे पट्टेही दिसले, आणि वाटाण्यावर शेवटी नेहमीप्रमाणे भुरी (पानांवर पांढरी पूड दिसणारा रोग) आली.

बियाणे विकणाऱ्याला विचारले असता त्याने व्यवस्थापनात चूक झाली असे सांगितले. ते कदाचित खरेही असेल, पण मला नेमके काय चुकले ते समजून घ्यायचे आहे. असा एखादा वाण आहे का, जो पाचही पायऱ्यांवर चालेल? आणि प्रतिकारक वाणाचे बी घरी राखता येते का? दर हंगामाला नवे बियाणे घेणे माझ्यासारख्याला जड जाते.

उत्तर — पानमूळ

आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की अर्धे उत्तर त्यातच आले आहे. आपल्या पाच पायऱ्यांवर एक रोग नाही, किमान दोन वेगवेगळे रोग आहेत, आणि ‘रोगप्रतिकारक’ हा शब्द एकटा कधीच पुरेसा नसतो. कोणताही वाण सर्व रोगांना प्रतिकारक नसतो. तो एखाद्या ठरावीक रोगाला, आणि पुष्कळदा त्या रोगाच्या काही ठरावीक प्रकारांनाच, प्रतिकारक असतो. पर्णगुच्छ (पाने आखडवणाऱ्या) विषाणूला उत्तम तोंड देणारा टोमॅटो उशिरा येणाऱ्या करप्यापुढे एका आठवड्यात नामोहरम होऊ शकतो, कारण दोन्ही प्रतिकार वेगवेगळ्या जनुकांमुळे येतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

म्हणून पाकिटावरील मोठी अक्षरे सोडून बारीक अक्षरे वाचावीत. तेथे रोगांची नावे किंवा त्यांची आद्याक्षरे दिलेली असतात आणि त्यांच्यापुढे बहुधा ‘एचआर’ किंवा ‘आयआर’ असे लिहिलेले असते. ‘एचआर’ म्हणजे उच्च प्रतिकार आणि ‘आयआर’ म्हणजे मध्यम प्रतिकार. मध्यम प्रतिकार असलेल्या झाडावर रोग येतो, पण सावकाश येतो. धुके आठवडाभर हटत नसेल तर तेवढा प्रतिकार अपुरा पडू शकतो. ‘सहनशील’ हा शब्द आणखी वेगळा आहे. सहनशील झाडात रोगाचा शिरकाव होतो, तरीही ते उत्पन्न देते, आणि त्याच वेळी ते शेजारच्या झाडांसाठी रोगाचा साठा बनू शकते. पाकिटावर रोगाचे नावच नसेल, तर तो वाण आपल्या रोगासाठी प्रतिकारक नाही असेच धरून चालावे.

आता निदान. खालच्या पायऱ्यांवरील लक्षणे जिवाणूजन्य मर रोगाची दिसतात, ज्याचे कारण राल्स्टोनिया नावाचा जिवाणू आहे. खात्री घरीच करता येते. नुकत्याच कोमेजलेल्या झाडाचे जमिनीलगतचे खोड बोटभर लांबीचे कापावे, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात ते उभे टांगावे, खालचे टोक पाण्यात बुडेल इतकेच, आणि पेला हलवू नये. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ पांढरी धार, धूप जळताना निघणाऱ्या धुरासारखी, पण खालच्या दिशेने, सुटू लागली तर जिवाणूजन्य मर नक्की समजावी. बुरशीजन्य मर असेल तर अशी धार येत नाही. खोड उभे चिरल्यावर आतल्या नळ्या मात्र दोन्हींत तपकिरी दिसू शकतात, म्हणून धारेवरूनच ओळखावे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही मर रोगांसाठी वाण वेगळे निवडावे लागतात.

माथ्यावरील रोग उशिरा येणारा करपा असावा. पुन्हा आला तर दव असताना सकाळी लवकर पान उलटून पाहावे. काळपट डागाच्या कडेला पांढरी विरळ लव दिसली तर शंका उरत नाही. लवकर येणाऱ्या करप्याच्या डागांत एकात एक वर्तुळे असतात आणि तो असा चार दिवसांत शेत संपवत नाही. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक ज्याने बुडवले तोच हा रोगकारक आहे, त्यामुळे ‘भाजल्यासारखी झाडे’ हे आपले वर्णन मला अजिबात अतिशयोक्त वाटत नाही.

कोबीच्या कडांवरचे पट्टे जर पाचरीच्या आकाराचे असतील, टोक मधल्या शिरेकडे आणि आतल्या बारीक शिरा काळ्या, तर तो घाण्या रोग आहे. तो बियाण्यातून येतो, म्हणून येथे वाणाइतकेच बियाणे महत्त्वाचे ठरते. कोबीचे बी ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात २५ मिनिटे, आणि फ्लॉवरचे २० मिनिटे ठेवावे, नंतर लगेच गार पाण्यात काढून सुकवावे. तापमापकाशिवाय हे करू नये, कारण दोन-तीन अंश जास्त झाले तर उगवण मरते आणि कमी झाले तर जिवाणू वाचतो. जुन्या, कमकुवत बियाण्यावर हा प्रयोग आधी थोड्या बियांवर करून पाहावा.

उत्तर — उतारावरची

पानमूळ यांच्या निदानाशी मी सहमत आहे. मला त्यात उंचीची आणि पाण्याची बाजू जोडायची आहे, कारण डोंगरातल्या शेतीत ती सपाट जमिनीपेक्षा निराळी असते आणि वाणांच्या शिफारशींमध्ये तिचा विचार क्वचितच दिसतो.

उंची शंभर मीटरांनी वाढली की हवेचे तापमान साधारणपणे अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते. आपल्या माथ्याच्या आणि ओढ्याकाठच्या जमिनीत म्हणून सव्वा अंशाच्या आसपास फरक असेल. आकडा लहान वाटतो, पण त्याच्या जोडीला माथ्यावर धुके, पानांवर दहा-बारा तास टिकणारा ओलावा आणि गार रात्री येतात, आणि उशिरा येणाऱ्या करप्याला नेमके हेच हवे असते. खाली ओढ्याकाठी जमीन उबदार आणि ओली असते, जे राल्स्टोनियाला मानवते. जमीन वीस अंशांखाली गेली की टोमॅटोवरचा हा जिवाणू मंदावतो, आणि तीस अंशांच्या पुढे त्याचा जोर वाढतो. (थंड डोंगरात बटाट्यावर जगणारा याच जिवाणूचा एक प्रकार मात्र गारव्यातही टिकतो. बटाटा लावत असाल तर हे ध्यानात ठेवावे.) तेव्हा पाचही पायऱ्यांवर चालणारा एक वाण शोधण्याऐवजी वरच्या पायऱ्यांसाठी एक आणि खालच्या पायऱ्यांसाठी दुसरा, असा विचार करावा.

उष्णतेचा आणखी एक परिणाम फार थोड्यांना ठाऊक असतो. टोमॅटोतील सूत्रकृमींविरुद्धचे (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींविरुद्धचे) ‘एमआय’ हे जनुक १९४०च्या दशकात एका रानटी जातीतून मिळवले गेले आणि आजही असंख्य वाणांत आहे, पण जमिनीचे तापमान २८ अंशांच्या पुढे गेले की त्याचे काम ढिले पडते. म्हणजे तोच वाण, तीच जनुके, तरी माथ्यावर प्रतिकारक आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या खालच्या तापलेल्या पायरीवर नाही, असे होऊ शकते. सूत्रकृमींनी मुळांना केलेल्या जखमांतून राल्स्टोनियाला वाटही मिळते.

आता पाणी. जिवाणूजन्य मर, कोबीची मूळगाठ (मुळांवर गाठी आणणारा रोग) आणि सूत्रकृमी हे तिन्ही वाहत्या पाण्याबरोबर आणि मातीबरोबर प्रवास करतात, आणि उतारावर दोन्ही एकाच दिशेने जातात. माझ्याकडे जिवाणूजन्य मर विकत आणलेल्या रोपांबरोबर आली. ती रोपे मी वरच्या पायरीवर लावली, कारण तिथे माझे जाणे-येणे अधिक होते आणि नजर ठेवता येईल असे वाटले. पहिल्या वर्षी तीन-चार झाडे गेली, मी फारसे मनावर घेतले नाही. पुढच्या पावसात वरच्या बांधाच्या सांडव्यातून पाणी जिथे खालच्या पायरीवर पडत होते, बरोबर त्या जागेपासून पंख्यासारखी पसरत झाडे कोमेजली. पाण्याची वाट जणू कोणी जमिनीवर आखून दाखवावी तशी ती दिसत होती. त्या वर्षी मी प्रतिकारक वाण लावला असता तरी तो एवढ्या जिवाणूंच्या माऱ्यासमोर किती टिकला असता, अशी शंका मला आजही आहे. प्रतिकाराला मर्यादा असते, आणि रोगाचा भार जितका कमी तितके त्याचे काम सोपे.

म्हणून नवा, तपासलेला नसलेला वाण किंवा बाहेरची रोपे नेहमी सर्वांत खालच्या पायरीवर लावून पाहावीत. प्रत्येक पायरीचे जादा पाणी कडेच्या चरातून बाहेर काढावे, दुसऱ्या पायरीच्या वाफ्यात सोडू नये. कामाचा क्रम निरोगी पायरीपासून रोगट पायरीकडे असावा, मग त्यासाठी चढ-उतार अधिक करावा लागला तरी चालेल, आणि खुरपे-कुदळ मधे धुवून घ्यावीत.

माथ्यासाठी उशिरा येणाऱ्या करप्याची दोन प्रतिकारक जनुके एकत्र असलेला वाण शोधावा. ही जनुके ‘पीएच-२’ आणि ‘पीएच-३’ या नावांनी ओळखली जातात. यांपैकी एकच जनुक असेल तर रोगाचे काही प्रकार त्याला चुकवतात. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या डोंगराळ भागातल्या केंद्रावर तयार झालेल्या ‘माउंटन मॅजिक’ या संकरित टोमॅटोत दोन्ही आहेत, आणि त्याचे नावच त्याच्या जन्मभूमीचे सांगते. आपल्याकडे तो वाण मिळो न मिळो, पाकिटावर ही दोन्ही जनुके आहेत का हे विचारण्याचा आग्रह धरावा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद — पाचपायरी

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. पेल्याची चाचणी आजच केली. खालच्या पायरीवर मागच्या पिकाची आपोआप उगवलेली काही रोपे होती, त्यांपैकी कोमेजू लागलेले एक रोप घेतले. तीन मिनिटेही झाली नसतील, पांढरा धागा निघाला, हळूहळू जाड झाला आणि पेल्याच्या तळाशी ढगासारखा जमला. मधल्या पायरीवरच्या एका निरोगी रोपाचे खोड शेजारच्या पेल्यात ठेवले होते, त्यातून काहीच निघाले नाही. इतकी वर्षे मी या झाडांना पाणी कमी पडले असे समजून अधिक पाणी देत होतो. त्याचे मला फार वाईट वाटते.

खालच्या दोन पायऱ्या टोमॅटोसाठी सोडून द्याव्यात, की त्यांच्यासाठी वाण आहे? कलम केलेल्या रोपांबद्दल ऐकले आहे, पण ते लहान शेतकऱ्याला जमण्यासारखे आहे का?

उत्तर — खुंटजोड

वाणही आहेत आणि कलमही जमण्यासारखे आहे. वाणांत बंगळूरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित टोमॅटो पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तीन रोगांना तोंड देतो. ही यादी नीट वाचावी: उशिरा येणारा करपा तिच्यात नाही. म्हणजे हा वाण आपल्या खालच्या पायऱ्यांसाठी विचारात घेण्याजोगा आहे, माथ्यासाठी नाही.

जिथे जिवाणूंचा भार फार आहे तिथे मात्र मी कलमाकडे वळेन. यात मुळे एका झाडाची (त्याला खुंट म्हणतात) आणि शेंडा दुसऱ्याचा असतो. ‘हवाई ७९९६’ हा टोमॅटो खाण्याच्या दृष्टीने सामान्य आहे, पण मर रोगाला प्रतिकार देणारा खुंट म्हणून जगभर ओळखला जातो. व्हिएतनाममधील लाम डोंग या डोंगराळ प्रांतातल्या टोमॅटो उत्पादकांनी याच खुंटावरची कलमे मोठ्या प्रमाणावर स्वीकारली आहेत. तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राने शिफारस केलेला ‘ईजी २०३’ हा वांग्याचा खुंट मर रोगाबरोबर पाणी साचणेही बऱ्यापैकी सहन करतो, म्हणून ओढ्याकाठच्या ओल्या जमिनीला तो अधिक मानवतो. वांग्याला थंडी आवडत नाही. त्यामुळे गार टप्प्यावर टोमॅटोचाच खुंट घ्यावा.

कृती अवघड नाही, पण ती हाताला शिकवावी लागते. वांग्याचे बी सावकाश वाढत असल्याने ते टोमॅटोच्या काही दिवस आधी पेरावे, म्हणजे दोन्ही खोडे एकाच जाडीची मिळतात. रोपांना दोन-तीन खरी पाने आली आणि खोड दोन मिलिमीटरांच्या आसपास जाड झाले की दोन्ही खोडे नव्या पात्याने एकाच तिरक्या कोनात कापावीत, एक काप दुसऱ्या कापाला पूर्ण टेकवावा आणि त्यावर रबरी नळीचा छोटा तुकडा किंवा चिमटा बसवावा. बोटांना जाणवेल इतकीही पोकळी राहू देऊ नये. त्यानंतरचा आठवडाच खरा कसोटीचा असतो. बांबूच्या कमानीवर प्लास्टिक आणि सावलीचे कापड टाकून आत हवा दमट ठेवावी, पहिले दोन-तीन दिवस जवळजवळ अंधार असावा, आणि पुढे रोज थोडा-थोडा उजेड आणि वारा आत येऊ द्यावा. माझ्या पहिल्या तुकडीतली निम्म्याहून अधिक रोपे मी चौथ्याच दिवशी प्लास्टिक पूर्ण उघडल्याने गेली. अर्ध्या एकराहून कमी क्षेत्रासाठी लागणारी रोपे दोन माणसे घरी करू शकतात.

लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर राहिलाच पाहिजे. टोमॅटोचे खोड खोल लावण्याची सवय आपल्या हाताला असते आणि तीच येथे घात करते, कारण मातीत गेलेला वरचा भाग स्वतःची मुळे सोडतो आणि जिवाणू त्या मुळांतून आत येतो. पावसाच्या शिंतोड्यांनी माती सांध्यापर्यंत उडू नये म्हणून आच्छादन करावे, आणि खुंटाला फुटलेले धुमारे लगेच काढावेत. एवढे करूनही हे लक्षात ठेवावे की खुंट फक्त मुळांचे रक्षण करतो. पानांवरचा करपा तो अडवत नाही.

उत्तर — बीजराखण

बी राखण्याचा प्रश्न मागे पडला, त्याबद्दल लिहितो, कारण लहान शेतकऱ्यासाठी तो गौण नाही.

पीक आणि वाण यांवर उत्तर अवलंबून आहे. वाटाणा स्वपरागित आहे, म्हणजे त्याच्या फुलात त्याच फुलाचे पराग पडून बी धरते, आणि त्याचा भुरीला होणारा प्रतिकार बहुतेक वाणांत ‘ईआर-१’ या एका जनुकातून येतो. हारलँड यांनी पेरूतील वाटाण्यावरून १९४८ साली याची नोंद केली. हे जनुक अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळाले तरच झाड प्रतिकारक ठरते. त्यामुळे संकर नसलेला प्रतिकारक वाण एकदा शुद्ध मिळाला की त्याचे बी वर्षानुवर्षे राखता येते आणि प्रतिकार टिकतो. इतकी दशके जगभर वापरात असूनही तो मोठ्या प्रमाणावर निकामी झालेला नाही, ही दुर्मीळ गोष्ट आहे. आपल्या भुरीवर सर्वांत सोपा आणि टिकाऊ इलाज हाच आहे. कापणीपूर्वी शेवटच्या दिवसांत भुरी आलेली झाडे तेवढी बियाण्यातून वगळावीत.

संकरित टोमॅटोचे तसे नाही. समजा, संकरित वाणात एक प्रतिकारक जनुक एकाच बाजूने आलेले आहे. त्याच्या फळांतून काढलेल्या बियांची रोपे लावली तर चारांपैकी साधारण एक रोप प्रतिकाराशिवाय निघते. अशी दोन जनुके असतील तर सोळांपैकी नऊच रोपांत दोन्ही सापडतात. फळाचा आकार, चव, पक्वतेचा काळ हे सर्वही विस्कटते. म्हणून मी संकरिताचे बी राखू नये असे म्हणेन.

उत्तर — पानमूळ

येथे मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. सोळांपैकी नऊ हा आकडा निराशेचा नाही. रोग नेमाने येणाऱ्या माथ्यावर अशी शंभर रोपे लावली, रोगाला निवड करू दिली आणि टिकलेल्या झाडांचे बी प्रत्येक पिढीत वेगळे ठेवले, तर पाच-सहा पिढ्यांत आपल्या उताराला रुळलेला स्थिर वाण मिळू शकतो. मात्र हे काम उपजीविकेच्या पिकावर करू नये आणि ज्या वाणावर तो तयार करणाऱ्याचे कायदेशीर हक्क आहेत त्याच्या अटी आधी पाहाव्यात.

उत्तर — बीजराखण

ते मान्य आहे, फक्त त्यासाठी एक पायरी बाजूला ठेवण्याची ऐपत हवी, आणि पाच पायऱ्यांच्या शेतात ती सहज नसते.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एकच प्रतिकारक वाण सगळीकडे आणि दरवर्षी लावला की त्याला चुकवणारा रोगाचा प्रकार वाढायला रान मोकळे मिळते. कॅनडात कोबीवर्गातील कॅनोला या तेलबियांच्या पिकाचा मूळगाठीला प्रतिकारक वाण २००९ साली आला, आणि अल्बर्टा प्रांतात २०१३ सालीच त्याचा प्रतिकार मोडल्याचे आढळले. तेथे फेरपालट आखूड होती आणि जमिनीत रोगाचे बीजाणू आधीपासून भरपूर होते. मूळगाठीचे बीजाणू जमिनीत पंधरा वर्षांहून अधिक काळ राहू शकतात. आपल्या कोबीच्या मुळांना सुजलेल्या बोटांसारख्या गाठी कधी दिसल्या तर वाण बदलण्याआधी मातीचा सामू (आम्लता मोजणारा आकडा, पीएच) तपासून तो चुन्याने ७.२ च्या आसपास न्यावा आणि त्या पायरीवर कोबीवर्गातले काहीही, मोहरी आणि मुळासुद्धा, कित्येक वर्षे लावू नये.

टोमॅटोतही हेच घडले. तंबाखूच्या मोझॅक विषाणूला दशकानुदशके रोखणारे जनुक एका नव्या विषाणूने, फळांवर तपकिरी सुरकुत्या पाडणाऱ्या विषाणूने, चुकवले. तो २०१४ साली इस्राएलमध्ये प्रथम दिसला आणि आता अनेक खंडांत पोहोचला आहे. म्हणून माथ्यावरसुद्धा एकाऐवजी वेगवेगळ्या प्रतिकारांचे दोन वाण ओळी आळीपाळीने घालून लावावेत. एक वाण मोडला तरी पीक पूर्ण जात नाही, आणि कोणत्या ओळी आधी पडल्या यावरून पुढच्या वर्षीची निवडही होते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद — पाचपायरी

मी असे ठरवले आहे: माथ्यावर करपा-प्रतिकारक दोन वाण, मधल्या पायरीवर पूर्वीचाच वाण, खालच्या एका पायरीवर कलमे, आणि सर्वांत खालच्या पायरीला टोमॅटोपासून विश्रांती. त्या विश्रांतीच्या पायरीवर काय लावावे, म्हणजे जिवाणू कमी होईल?

उत्तर — उतारावरची

मका लावावा, किंवा कांदा-लसूण. वांगी, मिरची, बटाटा, भुईमूग आणि आले मात्र टाळावे, कारण त्या सर्वांवर हा जिवाणू जगतो. दोन-तीन वर्षांत जिवाणू पूर्ण जात नाही, पण कलमांना झेपेल इतका भार उतरतो, असा माझा अनुभव आहे. त्या काळात बांधावरची कामोणी (टोमॅटोच्या कुळातले एक तण) आणि आपोआप उगवलेली टोमॅटोची रोपे दर पंधरवड्याने मुळासकट काढावीत. कामोणी या जिवाणूला आश्रय देते आणि पुष्कळदा स्वतः कोमेजलेली दिसत नाही, म्हणून ती बांधावर हिरवीगार उभी असेल तर विश्रांतीचे वर्ष जमेस धरू नये. उपटलेली रोपे पायरीवरच कुजत टाकू नका. आपल्याकडे ओढा खाली आहे, तेव्हा ती ओढ्यातही नको. जिथून पाणी दुसऱ्या पायरीवर वाहत नाही अशा कोरड्या जागी ढीग करून वाळवावीत आणि जाळून टाकावीत.